मटणाबरोबर कोणती वाइन?

पाहुण्यांना चहा द्यायचा की सरबत, एवढाच प्रश्न एके काळी मध्यमवर्गीय घरात पडत असे. दारूचा विषय निघालाच, तर तो पुरुषमंडळींनी गच्चीवर, दार लोटून, वडीलधाऱ्यांची नजर चुकवून मिटवायचा. आता काळ बदलला. मुलगा बंगळूरला नोकरीला असतो, लेक-जावई परदेशातून महिन्याभराच्या सुट्टीवर येतात. जावईबापू सुटकेसमधून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढतात आणि सासऱ्यांच्या हातात ठेवतात. "बाबा, रविवारच्या मटणाबरोबर उघडू या!" बाबा हसून बाटली कपाटात ठेवतात आणि स्वयंपाकघरात सासूबाई विचारात पडतात. ह्या बाटलीसाठी मटण वेगळं करायचं की काय?

कित्येक घरांत तसंच केलं जातं. 'वाइनबरोबर आपलं तिखट चालत नाही म्हणे' असं म्हणत नेहमीचं वाटण बाजूला राहतं आणि मिरी-मीठ लावून काहीतरी फिकं शिजवलं जातं. ते घरच्यांना रुचत नाही आणि घरच्या रश्शाची वर्षभर वाट पाहिलेल्या पाहुण्यांना तर मुळीच नाही. काही घरांत उलटा प्रकार होतो. झणझणीत तांबडा रस्सा आणि त्याच्या शेजारी चांगली महागाची रेड वाइन. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. 'कडूजहर आहे, हे आपल्यासाठी नव्हे' असा निकाल लागतो आणि उरलेली बाटली मोरीत रिकामी होते.

वाचकहो, दोन्ही ठिकाणी ना रश्शाचा दोष, ना बाटलीचा. घोळ होतो तो एका ऐकीव नियमामुळे. 'लाल मांसाबरोबर लाल वाइन, पांढऱ्या मांसाबरोबर पांढरी' हा तो नियम. तो खोटा नाही, पण ज्या स्वयंपाकघरात तो जन्माला आला तिथे मांस नुसतं मीठ लावून भाजतात. आपल्याकडे मांस मसाल्यात शिजतं. म्हणून आपण बघायचं ते कढईतल्या रश्शाकडे, मांसाच्या रंगाकडे नाही. ही एक गोष्ट नीट समजली, तर घरचं वाटण बदलावं लागत नाही आणि पैसेही वाया जात नाहीत.

सहा रसांचा हिशेब

आपल्या जुन्या शास्त्रात सहा रस सांगितले आहेत: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. शाळेच्या पुस्तकात जिभेच्या चवी शिकवताना तुरट बहुधा गाळला जातो. वाइन समजून घ्यायला मात्र हा गाळलेला रसच सगळ्यांत उपयोगाचा आहे.

पांढरी वाइन करताना द्राक्षं दाबून रस काढतात, सालं बाजूला करतात आणि नुसता रस आंबवतात. लाल वाइनसाठी काळ्या द्राक्षांचा रस सालं-बियांसकट आंबवला जातो. रंग सालीतून उतरतो आणि त्याच्याबरोबर सालीतलं, बियांतलं टॅनिनही उतरतं. सालं थोडेच तास रसात राहू दिली, की गुलाबी रंगाची रोझे वाइन मिळते. टॅनिन आपल्या चांगल्या परिचयाचं आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते, सुपारीने तोंड कोरडं पडतं, कच्चं केळं चावलं की दातांवर थर चढल्यासारखं वाटतं, ही सगळी त्याचीच करणी. आपल्या लाळेतली प्रथिनं तोंड ओलं आणि गुळगुळीत ठेवतात. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड खरखरीत होतं. हाच तुरटपणा.

तर वाइन येते ती आंबट, तुरट आणि कधी थोडी गोड. शिवाय बारा ते चौदा टक्के अल्कोहोल. ताटातलं मांस येतं ते चरबी, मीठ, तिखट, मसाले आणि कधी दही, कोकम किंवा व्हिनेगरचा आंबटपणा घेऊन. ह्या दोन पक्षांची गाठ पडली की चार गोष्टी घडतात.

पहिली: तुरटाला चरबी, प्रथिनं आणि मीठ आवरतात. टॅनिन लाळेला चिकटायचं ते मांसातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, चरबी जीभ झाकते आणि मीठ कडवटपणा दाबतं. तीच वाइन मऊ लागू लागते.

दुसरी: आंबट वाइन तुपकट पदार्थाचा जडपणा कापते. भज्यांवर लिंबू पिळतो तसंच हे. पण पदार्थच आंबट असेल, तर वाइन त्याहून कमी आंबट असून चालत नाही. नाहीतर ती पाणचट लागते.

तिसरी: तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चिथावतात. मिरचीचा तिखटपणा ही खरं पाहता जिभेची चव नव्हे. भाजल्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना मिरची डिवचते आणि अल्कोहोलही त्याच जागी बोट ठेवतं. त्यामुळे चौदा टक्क्यांची जड वाइन रश्शाची आग वाढवते. तोंड पोळलेलं असताना तुरटपणाही अधिक बोचतो.

चौथी: गोडवा तिखटाला शांत करतो. ठेचा लागला की आपण गुळाचा खडा तोंडात टाकतो, त्यात हीच युक्ती असते.

कोऱ्या चहाचा प्रयोग

हे सगळं पटवून घ्यायला बाटली विकत आणायची गरज नाही. जे वाइनला हातही लावणार नाहीत, त्यांनीही हा प्रयोग जरूर करावा. मुलांना तर मजाच वाटेल.

दोन चमचे चहापूड घालून कपभर कोरा चहा चांगला उकळा. साखर, दूध काही नको. गाळून पूर्ण गार होऊ द्या. आता एक घोट घ्या. तोंड कोरडं पडेल, कारण चहातही टॅनिनच्याच जातीचे तुरट पदार्थ असतात. मग लोण्याचा किंवा चीजचा एक तुकडा सावकाश खा आणि पुन्हा घोट घ्या. तोच चहा पुष्कळ सौम्य लागेल. दुधाच्या चहाला तुरटपणा का नसतो, हेही इथे कळतं. दुधातली प्रथिनं टॅनिनला कपातच पकडून ठेवतात. आता पाणी पिऊन, थोडं थांबून, ठेच्याचं एक बोट चाटा आणि तिसरा घोट घ्या. चहा आधीपेक्षा जास्त बोचरा आणि कडवट वाटेल.

लोण्याबरोबरचा चहा म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबरची रेड वाइन. ठेच्याबरोबरचा चहा म्हणजे तांबड्या रश्शाबरोबरची रेड वाइन. इतकं साधं आहे हे.

नियम आला कुठून?

फ्रान्समधल्या बोर्दो भागात पॉयाक नावाचं गाव आहे. तिथली कॅबर्ने सॉव्हिन्यों द्राक्षाची लाल वाइन जगप्रसिद्ध आहे, आणि तिथलं कोवळं कोकरूही. कोकराची मांडी मीठ, लसूण आणि थोडी सुगंधी पानं लावून भाजतात. मिरची नाही, चिंच नाही. मेंढीच्या मांसाला चरबी भरपूर. तुरट वाइनला ह्याहून चांगली जोडीदारीण कुठली? नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बदकाचं मांस त्याच्याच चरबीत मंद शिजवतात आणि त्याच्यासोबत मादिराँ ही दाट, तुरट वाइन घेतात. इटलीतल्या तोस्काना प्रांतात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या जाड कापाबरोबर क्यांती असते, ती सांजोवेझे द्राक्षाची. तीन ठिकाणं, तीन वाइन, पण युक्ती एकच. चरबी, मीठ आणि आग एकीकडे, तुरटपणा दुसरीकडे. 'लाल मांस, लाल वाइन' हा नियम खरा ठरतो तो इथे.

आता त्याच युरोपात हा नियम मोडतो कसा, तेही पाहा. फ्रान्सच्याच बर्गंडी भागात 'कॉक ओ व्हँ' करतात. कोंबड्याचे तुकडे लाल वाइनमध्ये मुरवून, कांदे, मश्रूम आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे घालून मंद शिजवायचे. मांस पांढरं, पण सोबतीला पिनो न्वारची लाल वाइन, कारण रस्साच लाल वाइनचा. जर्मनीच्या सरहद्दीवरच्या अल्सास प्रांतात बरोबर उलट. आंबवलेल्या कोबीवर डुकराची सॉसेज आणि खारवलेलं मांस रचलेलं असतं. इतकं मांस असूनही तिथे पांढरी रिस्लिंग घेतात. कोबी आंबट, मांस तुपकट, म्हणून वाइनही चांगली आंबट हवी. पोर्तुगालच्या बैराडा भागात भाजलेल्या डुकराच्या पिल्लाबरोबर चक्क फेसाळ वाइन घेण्याची रीत आहे. कुरकुरीत, तुपकट कातडीला ती आंबट-फेसाळ वाइन धुऊन काढते.

म्हणजे तिथले जाणकार खवय्येही मांसाचा रंग बघून थांबत नाहीत. मांस भाजलंय की शिजवलंय, त्यात आंबट काय पडलंय, चरबी किती आहे, हे ते पाहतात. आपल्या गावात जे पिकतं ते आपल्या गावच्या ताटाशी जुळतं, हा अनुभव भाकरी-पिठल्याच्या देशाला नवा नाही.

जाता जाता मासळीचंही सांगून टाकू. मासळीबरोबर लाल वाइन घेतली की तोंडात उग्र, मासळीचा वास रेंगाळतो अशी तक्रार जुनी आहे. जपानी संशोधकांनी २००९ साली त्याचं कारण शोधलं. काही लाल वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असतं आणि तो वास त्या लोहामुळे निर्माण होतो. इथे तरी जुन्या नियमाच्या मागे पक्कं कारण निघालं.

आपलं मटण वेगळं

आता आपल्या घरी येऊ. पहिला फरक जनावरातच आहे. युरोपात मटण म्हणजे मेंढी किंवा कोकरू. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते बोकडाचं असतं आणि बोकडाच्या मांसात चरबी बरीच कमी असते. म्हणजे टॅनिनला आवरणारा गडी मुळातच अशक्त. दुसरा फरक मसाल्यात. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण, लाल तिखट, गरम मसाला, वर तर्री. मांसाची मूळ चव त्यात विरघळून गेलेली असते. जिभेला पहिली भेट होते ती रश्शाची. मग जोडी जमवायची तीही रश्शाशीच.

सुदैवाने, ह्यासाठी परदेशी बाटलीची वाट पाहायची गरज आता राहिलेली नाही. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन तयार होऊ लागली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशातही गेली. त्यानंतर कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी मळे उभे राहिले. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ, क्यांतीतलं ते सांजोवेझे द्राक्षही पिकतं. युरोपात वाइनच्या द्राक्षांची तोडणी उन्हाळा सरताना होते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये, थंडीच्या उन्हात, तोडणी होते.

ह्या वाइनमध्ये आपल्या मसाल्यांना सगळ्यांत जवळची म्हणजे नाशिककडची शेनिन ब्लां. पांढरी, बेताची आंबट, आणि तिच्यात पुष्कळदा हलका गोडवा राखलेला असतो. लाल वाइन हवीच असेल, तर शिराज किंवा झिनफँडेल बघावी. शिराजची एक गंमत आहे. तिच्या वासात मिरीचा भास होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २००८ साली आढळलं, की काळ्या मिरीला तिचा वास देणारा रोटंडोन नावाचा घटक शिराजमध्येही खरोखरच असतो. मिरीच्या मसाल्याशी तिचं जमतं, त्यात मग नवल ते काय?

प्रांतोप्रांतीचं ताट

कोल्हापूरचा पांढरा रस्सा. नारळाचं दूध, खसखस, काजू किंवा तीळ आणि सौम्य मसाला. दाट आणि स्निग्ध. त्याला शेनिन ब्लां छान लागते. केरळी घरांतल्या नारळाच्या दुधातल्या मटण इष्टूलाही तीच.

तांबडा रस्सा आणि सुकं मटण. इथे जड, तुरट, लाकडी पिंपात मुरवलेली रेड वाइन कटाक्षाने टाळावी. थोडा गोडवा असलेली थंडगार पांढरी किंवा रोझे घ्यावी. लाल वाइनचाच हट्ट असेल, तर हलकी झिनफँडेल थोडी गार करून.

मालवणी कोंबडी-वडे. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि तळलेले वडे. रोझे किंवा फेसाळ वाइन हे तेल हलकं करते.

गोव्याचं विंदालू. अनेकांना वाटतं, ह्यात आलू असणार. मूळ शब्द पोर्तुगीज आहे, 'विन्या द्'आल्यूस', म्हणजे वाइन आणि लसूण. लांबच्या समुद्रप्रवासात मांस टिकावं म्हणून ते वाइन किंवा वाइनच्या व्हिनेगरमध्ये लसणीबरोबर मुरवत. गोव्यात आल्यावर त्याची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची आली. म्हणजे ज्या पदार्थाच्या नावातच वाइन आहे, त्याच्या जोडीला वाइन शोधणंच सगळ्यांत अवघड! विंदालू आणि सोरपोतेल दोन्ही आंबट आणि तिखट. मऊ, कमी आंबट रेड वाइन त्यांच्यापुढे निष्प्रभ होते. सॉव्हिन्यों ब्लां किंवा फेसाळ वाइन तेवढी टिकाव धरते.

तंदुरी कोंबडी, शीख कबाब, भाजलेल्या चाप. इथे आग आणि धूर आहे, रस्सा नाही. मिरची बेताची असेल, तर हा आपल्या ताटातला युरोपाच्या सगळ्यांत जवळचा पदार्थ. शिराज निःशंकपणे उघडा. लखनवी गलौटीला चरबी आणि मसाले दोन्ही भरपूर, पण मिरचीचा जाळ नसतो. तिलाही शिराज शोभते.

काश्मिरी रोगन जोश. रंग पाहून घाबरू नका. काश्मिरी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. त्यात बडीशेप आणि सुंठीचा वास. कॅबर्ने आणि शिराज मिसळून केलेली वाइन इथे चालते. त्याच वाझवानातल्या दह्यातल्या गुश्ताब्याला मात्र पांढरी. जनावर तेच, रस्सा बदलला की बाटली बदलली.

हैदराबादची बिर्याणी. केशर, तूप, पुदिना आणि मधूनच मिरची. रोझे हा सुरक्षित मार्ग.

आणि नागपूरचं सावजी मटण? इथे प्रामाणिकपणे हात जोडावेत. सावजीच्या काळ्या, जळजळीत रश्शापुढे कुठलीच वाइन उभी राहत नाही. प्रत्येक पदार्थाला वाइन हवीच असं कुणी सांगितलं? त्याला गार ताकच बरं.

न पिणाऱ्यांचा पेला

ताकावरून आठवलं. ज्यांच्या घरी मद्य चालत नाही, त्यांना इथपर्यंतचा हिशेब वाया गेला असं वाटायला नको. गुजरात आणि बिहारमधल्या वाचकांकडे तर दारूबंदीच आहे. पण आपल्या आज्यांनी हा हिशेब वाइनचं नावही न ऐकता सोडवून ठेवला आहे. सोलकढीचंच बघा. कोकमाचा आंबट-तुरटपणा आणि नारळाच्या दुधाची स्निग्धता. मिरचीतला जाळ स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणून नारळाचं दूध तोंड शांत करतं आणि कोकम तेलकटपणा कापतं. ताकातलं दुधाचं प्रथिन मिरचीचा जाळ जिभेवरून उचलून नेतं. लाल वाइनसारखा तुरट घोट हवा असेल, तर भाजलेल्या कबाबाबरोबर डाळिंबाचा बिनसाखरेचा रस देऊन बघा. पाहुण्यांत एखादी व्यक्ती पीत नसेल, तर तिच्यापुढे नुसतं पाणी ठेवून मोकळं होऊ नये. तिच्या पेल्याचाही तितकाच विचार व्हावा. आग्रह मात्र कुणालाच नको. 'एक घोट घ्या हो, काही होत नाही' हे वाक्य ह्या सदराच्या वाचकांच्या घरात ऐकू येऊ नये.

रश्शात वाइन घातली असेल, तर तेही आधी सांगावं. शिजवल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या तक्त्याप्रमाणे अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के अल्कोहोल शिल्लक असतं, तासाभराने २५ टक्के, आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. धर्माने, व्रताने किंवा औषधांमुळे ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांना न सांगता वाढणं हा विश्वासघात होईल.

आरोग्याचं काय?

'रेड वाइन हृदयाला चांगली' असं सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. ह्या समजाचा प्रसार झाला तो मुख्यतः १९९१ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमात सांगितलं गेलं, की फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात आणि ह्याचं श्रेय बहुधा वाइनला आहे. नंतरच्या संशोधनाने हा दावा बराच मोडीत काढला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं, की आरोग्याला निर्धोक असं मद्याचं कुठलंही प्रमाण नाही. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत मद्याची गणना होते. तेव्हा वाइन घ्यायची ती चवीसाठी, क्वचित आणि थोडी. औषध म्हणून कुणालाही देऊ नये. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, नियमित औषधं घेणारे आणि जेवून गाडी चालवणारे ह्यांनी तर ती घेऊच नये. वयाची अट आणि परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. ते आधी पाहून ठेवावेत.

बाटली उघडताना

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडच्या बत्तीस अंशांच्या खोलीत तीच वाइन उग्र लागते, अल्कोहोल नाकात जातं. म्हणून रेड वाइनही जेवणाआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी आणि रोझे दोन-तीन तास. फेसाळ वाइन त्याहूनही गार हवी. तिखट जेवणाबरोबर वाइन थोडी जास्तच गार असली तर बिघडत नाही.

एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते, म्हणजे सहा जणांना प्रत्येकी साधारण सव्वाशे मिलिलिटर. एका जेवणाला इतकी पुरे. पेला निम्म्याहून कमी भरावा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते. साधा पातळ काचेचा पेला चालतो. स्टीलच्या भांड्यात मात्र रंगही दिसत नाही आणि वासही नीट येत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली हलकी, असं समजू नये. चांगल्या वाइनलाही आता ते झाकण असतं आणि बूच काढायच्या स्क्रूवाचून काम होतं.

उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी. दोन-चार दिवस बरी राहते. फेसाळ वाइन मात्र त्याच दिवशी संपवलेली बरी. न उघडलेली बाटली ओट्यावर, गॅसजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात वर्षभर कपाटात जपलेली बाटली बहुधा बिघडलेलीच निघते. आलेली भेट त्या सुट्टीतच उघडावी, हे उत्तम.

दुकानात पहिल्यांदाच जाणार असाल, तर महागाची बाटली मागू नका. घरी काय शिजणार आहे, ते दुकानदाराला सांगा. रस्सा असेल तर थोडी गोडसर पांढरी किंवा रोझे, कबाब-तंदुरी असेल तर शिराज, आणि दोन्ही असतील तर एक फेसाळ. लेबलावर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. तिखट जेवणासाठी दोन बाटल्यांतून निवडायची झाली, तर कमी आकड्याची उचला. ताटात आधी नुसता घास खा, मग घोट घ्या आणि पुन्हा घास खा. दुसरा घास पहिल्याइतकाच चवदार लागला, तर जोडी जमली. घास बिघडला, तर पेला बाजूला सारा आणि रस्सा संपवा. तो करायला सकाळपासून कुणीतरी ओट्याशी उभं होतं.